दगडूनाना कर्त्याच्या जागी बसतात

एका जंगलात, बाळांनो, पूर्वी प्रत्येक वाक्याला कर्ता असायचा.

म्हणजे काय, तर अस्वलानं मध खाल्ला की सगळे म्हणायचे, "अस्वलानं मध खाल्ला." माकडानं फांदी मोडली की म्हणायचे, "माकडानं फांदी मोडली." जंगल अगदी अडाणी होतं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं बोलताच यायचं नाही कुणाला.

अफवा नव्हत्या असं नाही. रानडुकरीण सशिणीला सांगायचीच, "मोराची पिसं झडली म्हणे." पण सशीण लगेच विचारायची, "कोण म्हणे?" मग रानडुकरिणीला कबूल करावं लागायचं, "मीच म्हणते गं." आणि दोघी हसायच्या. आता सांगा, अशा जंगलाची प्रगती कशी व्हावी?

ती व्हायची वेळ आली तेव्हा पोपट आला.

हा पोपट साधा नव्हता. तालुक्याच्या गावात इंग्रजीची एक शिकवणी होती. तिच्या खिडकीत त्याचा पिंजरा चार वर्षं टांगलेला होता. शिकवणारे गुरुजी खणखणीत आवाजात व्याकरण सांगायचे. मुलं ते विसरायची. पोपट विसरायचा नाही, कारण त्याला दुसरा उद्योगच नव्हता. एके दिवशी पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि पोपट उडाला तो थेट जंगलात.

"दार कुणी उघडं टाकलं?" माकडांनी विचारलं.

"उघडं टाकलं गेलं," पोपट म्हणाला.

माकडांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढं भारी वाक्य त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या क्षणापासून सगळे त्याला पोपटसर म्हणू लागले.

पोपटसरांनी उंबराखाली वर्ग उघडला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "‘अस्वलानं मध खाल्ला.’ हे वाक्य कसं आहे?"

"खरं आहे," अस्वल म्हणालं. ते प्रामाणिक होतं.

"खरं की खोटं ते मी विचारलं नाही. वाक्य असभ्य आहे. त्यात बोट दाखवलंय. सुधारलेली माणसं बोट दाखवत नाहीत. ती म्हणतात, मध खाल्ला गेला."

अस्वलानं जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात मधाची तीन पोळी खाल्ली गेली.

दुसऱ्या दिवशी पोपटसरांनी ‘इट’ शिकवला. "इट इज सेड दॅट," ते मान तिरकी करून म्हणाले. "म्हणजे, असं म्हटलं जातं की."

"कोण म्हणतं?" मागून एक कर्कश आवाज आला.

ही होती भागाक्का टिटवी. बाळांनो, टिटवी झाडावर बसत नाही. ती पाणवठ्याच्या काठावर, दगडगोट्यांत अंडी घालते आणि दिवसभर पहारा करते. कुणी आलं की ओरडते. कोण आलं, कुठून आलं, सगळं सांगते. भागाक्काच्या सात पिढ्यांनी हेच केलं होतं.

"इट म्हणतो," पोपटसर म्हणाले.

"हा इट राहतो कुठं?"

"कुठंच राहत नाही. तो नुसती वाक्यातली पहिली जागा धरून ठेवतो. माणसं एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसा."

"मग त्या सीटवर बसतं कोण?"

"कुणीच नाही! तीच तर गंमत आहे."

सगळा वर्ग हसला. भागाक्काला गंमत कळली नाही. ती म्हणाली, "कुणी म्हटलंच नसेल, तर ऐकायचं कशाला?"

पोपटसरांनी तिला वर्गाच्या शेवटी, वारुळाशेजारी बसवलं.

मग त्यांनी क्रियापदं पाठ करून घेतली. म्हटलं जातं. मानलं जातं. समजतं. कळतं. दिसून येतं. "ही क्रियापदं हमालासारखी असतात," ते म्हणाले. "ओझं पोचवतात. ओझं कुणाचं, ते सांगत नाहीत." पंधरा दिवसांत अख्खं जंगल असं बोलू लागलं. सशीणही आता "कोण म्हणे?" विचारीनाशी झाली. कारण तसं विचारणारा गावंढळ दिसतो, असं मानलं जाऊ लागलं होतं.

आता या जंगलाच्या राजाविषयी सांगतो. राजा वाघ होता. वय झालेलं, दात पडलेले. उंच काळ्या खडकावर बसून तो जांभया द्यायचा. शिकार त्याच्याकडून होत नसे. ती करायचा त्याचा सेनापती, झुंजारराव बिबट्या. झुंजारराव शिकार करायचा आणि मऊ मांडी महाराजांना पोचवायचा. महाराज मांडी खायचे आणि झुंजाररावाच्या निष्ठेचं कौतुक करायचे.

जंगलात एक जुना कायदा होता. महाराजांच्या पणजोबांनी केलेला. कुठंही शिकार करा, पण पाणवठ्यावर करायची नाही. तहानलेल्याला मारायचं नाही. जो मारील त्याला नदीपलीकडे हाकलायचं. नदीपलीकडे नुसता माळ होता. सावली नाही, आडोसा नाही आणि मेंढरांमागे फिरणारी धनगरांची कुत्री. तिथं जाणं म्हणजे अर्धं मरणंच.

एका उन्हाळी दुपारी पारू नावाची चितळीण आपल्या पाडसाला घेऊन पाण्यावर आली. पाडस महिन्याचं होतं. पाण्यात स्वतःचं तोंड बघून ते दचकायचं, मागं उडी मारायचं आणि पुन्हा बघायला यायचं. पारू पाणी पीत होती. जांभळीच्या झुडपातून झुंजारराव निघाला. एक झेप. पाडसानं आवाजसुद्धा केला नाही.

भागाक्का ओरडली. पण बिबट्याच्या झेपेपुढं ओरडणं किती वेगानं जाणार? पारूनं मान वर केली तेव्हा झुडपं हलत होती आणि पाडसाच्या जागी ओला चिखल होता.

"कुणी नेलं?" पारू किंचाळली. "भागाक्का, कुणी नेलं गं?"

"झुंजाररावानं," भागाक्का म्हणाली. "मी पाहिलं. याच डोळ्यांनी पाहिलं."

संध्याकाळी महाराजांना नेहमीपेक्षा फारच लहान मांडी मिळाली. त्यांनी ती पाहिली, झुंजाररावाकडे पाहिलं. काही विचारलं नाही. खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पारू काळ्या खडकाखाली येऊन उभी राहिली. तिच्यामागं सगळा चितळांचा कळप. चितळं भित्री असतात. पण दीडशे भित्रे एका जागी उभे राहिले की राजालाही जांभई देताना विचार करावा लागतो.

महाराजांनी पोपटसरांकडे पाहिलं. पोपटसर आता दरबारात आले होते. त्यांना राजभाषाप्रमुख केलं गेलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि निवेदन वाचलं.

"असे निदर्शनास आले आहे की, काल दुपारी पाणवठ्यावर एक पाडस मृत्यू पावले आहे. या घटनेबद्दल तीव्र दुःख व्यक्त करण्यात येत आहे."

"कुणाला झालंय?" पारूनं विचारलं.

"काय?"

"दुःख. कुणाला झालंय?"

पोपटसरांनी निवेदन पुन्हा पाहिलं. त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं. "दुःख व्यक्त करण्यात येत आहे," ते हळूहळू म्हणाले, जणू पारूला ऐकू कमी येत होतं. "कुणाला होण्याची गरज नाही."

"मला बाकी काही नको," पारू म्हणाली. "माझं पाडस परत येणार नाही, ते मला कळतं. मला फक्त या खडकावरून कुणीतरी एवढं सांगा, की त्याला कुणी मारलं."

"मारले गेले आहे," पोपटसर म्हणाले.

"कुणाकडून?" कळपातून आवाज आला. मग दुसरा. मग दीडशे. "कुणाकडून? कुणाकडून?"

आता बघा हं बाळांनो, कर्मणी प्रयोगात हीच एक अडचण असते. कर्त्याला दारातून घालवलं तरी तो ‘कडून’ लावून मागल्या दारानं आत येऊ बघतो. महाराजांनी चौकशीचं आश्वासन दिलं, म्हणजे दिलं गेलं, आणि कळप घरी गेला.

खडकामागं महाराज पोपटसरांवर खेकसले, "ही चितळं पुन्हा येतील. तुमच्या व्याकरणात यावर काही उपाय आहे का नाही?"

"आहे महाराज. वरच्या इयत्तेत शिकवतात. आतापर्यंत पहिल्या जागेवर आपण इटला बसवत होतो. इट इज सेड दॅट. आता इटला उठवायचं आणि त्या जागेवर एखाद्या खऱ्या प्राण्याला बसवायचं. उदाहरणार्थ, दगडूनाना इज सेड टू हॅव किल्ड. म्हणजे, दगडूनानांनी मारलं असल्याचं म्हटलं जातं."

"हे दगडूनाना कोण?"

"साळिंदर आहे महाराज, टेकडीखालचं. मी आपलं उदाहरण दिलं. उदाहरणाला कुणीतरी लागतं."

"पण म्हणतं कोण?"

"कुणीच नाही. म्हणणारा पूर्वीसारखाच गायब. फक्त आता लोकांना बघायला समोर कुणीतरी असतं. ते ‘कुणाकडून’ विचारत नाहीत."

"पण त्यानं मारलेलं नसताना..."

"महाराज, कर्त्याच्या जागी बसणाऱ्यानं काही करावंच लागतं असं नाही. हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?"

महाराजांना हा टोमणा आहे की स्तुती ते कळलं नाही. त्यांनी ती स्तुती मानली.

झुंजारराव बाजूला पंजा चाटत बसला होता. "उदाहरण छान आहे," तो म्हणाला.

तर असे दगडूनाना गोष्टीत आले. त्यांचा दोष एवढाच की पोपटसरांना त्या वेळी दुसरं नाव आठवलं नाही.

दगडूनाना म्हातारे होते. ते कंद खायचे, मुळं खायचे. साळिंदरांचे दात सारखे वाढत असतात, म्हणून ती वाळकी हाडं कुरतडतात. नानांच्या बिळापाशीही चार जुनी हाडं पडलेली होती. दिवसा ते झोपायचे आणि उठल्यावर शेजाऱ्यांच्या वाटेतले काटे बाजूला करायचे, कारण त्यातले बरेचसे त्यांचेच असायचे.

दोन दिवसांत सगळीकडे पसरलं. "दगडूनानांनी मारलं असल्याचं म्हटलं जातं." "ते पूर्वीपासूनच हिंस्र असल्याचं मानलं जातं." "त्यांच्या बिळापाशी हाडं असल्याचं दिसून येतं." हे शेवटचं तर खरंच होतं. खोट्याच्या पंगतीत एक खरं बसवलं की सगळी पंगत सोवळ्यातली दिसते.

सशीण नानांकडे गेली. ती चांगल्या मनाची होती. "नाना, असं म्हटलं जातंय. तुम्ही नाही ना केलं?"

"मी झोपलो होतो गं."

"झोपेत काय केलं ते तुम्हाला कसं कळणार?"

नाना विचारात पडले. खरंच, कसं कळणार? आयुष्यात त्यांच्याबद्दल कधी कुणी काही म्हटलंच नव्हतं. आता एवढं सगळं जंगल म्हणतंय तर त्यात काहीतरी असेल, असं त्यांना वाटू लागलं. त्या दिवशी त्यांनी आपले दात पाण्यात तीनदा पाहिले.

खटला भरला. उंबराखाली सगळे जमले. वर खडकावर महाराज, त्यांच्या उजवीकडे झुंजारराव, डावीकडे पोपटसर. खाली मधोमध एक सपाट दगड ठेवला होता. दगडूनानांना त्याच्यावर बसवलं.

"ही कर्त्याची जागा," पोपटसरांनी समजावलं.

नानांना इतकं मधोमध कुणी पहिल्यांदाच बसवलं होतं. ते थोडे लाजले.

"आरोपाबद्दल काही सांगायचंय?" महाराजांनी विचारलं.

"मला आठवत नाही महाराज," नाना म्हणाले. "पण सगळे म्हणतात तर असेलही."

गर्दीतून "अरेरे" असं म्हटलं गेलं.

तेवढ्यात भागाक्का उडत आली आणि थेट नानांच्या पुढ्यात उतरली. "मी पाहिलंय!" ती म्हणाली. "झुंजाररावानं पाडसाला मारलं. मी काठावर होते. माझी अंडी तिथं आहेत. मी रोज तिथंच असते."

झुंजाररावाची शेपटी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे आली.

पोपटसर शांत होते. त्यांनी चोचीत एक लाल गुंज धरली, खाली उतरले आणि ती भागाक्काच्या पायाशी टाकली.

"चूक," ते म्हणाले. "वाक्याची सुरुवात ‘मी’ने केली आहे. विद्वान लोक ‘मी’ लिहीत नाहीत. ‘मी’ म्हणजे एकाचं मत. ‘असं म्हटलं जातं’ म्हणजे सगळ्यांचं. एकाचं ऐकायचं की सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं!" गर्दी ओरडली.

"पण सगळ्यांमधल्या एकानं तरी पाहिलंय का?" भागाक्का म्हणाली. "तू पाहिलंस का रे माकडा? रानडुकरीणबाई, तुम्ही पाहिलंत? मग मी पाहिलेलं खोटं आणि तुम्ही न पाहिलेलं खरं?"

"प्रश्न विषयाला सोडून आहे," पोपटसर म्हणाले. "तरी तुम्हाला एक संधी देतो. वाक्य सुधारून घ्या. ‘असे पाहिले गेले आहे की.’ मग ते नोंदवता येईल."

भागाक्काला एक क्षण मोह झाला. तसं म्हटलं तर निदान लिहून तरी घेतील. "असं पाहिलं गेलं आहे की," ती सुरू झाली, "झुंजाररावानं..."

"अं हं. तेही नाव काढा. असभ्य दिसतं."

"मग उरलं काय?"

"असे पाहिले गेले आहे. बस. सुंदर वाक्य आहे."

भागाक्कानं चोच मिटली. मग उघडली आणि पुन्हा तेच म्हणाली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. "झुंजाररावानं मारलं. मी पाहिलं." तिच्या पायाशी दुसरी गुंज पडली. तिसऱ्यांदा ती तेच म्हणाली. तिसरी गुंज पडली. तीन चुका झाल्या की साक्ष बाद होते, असा नियम त्याच वेळी असल्याचं आढळून आलं.

मग पारू पुढं आली. ती नानांच्या दगडापाशी गेली. सगळ्यांना वाटलं, ही आता शिंगं नसली तरी ढुशी देणार.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही नाही मारलं माझ्या पाडसाला."

"नक्की का गं?" नानांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मला रात्रंदिवस तेच वाटतंय. कोवळं पोर होतं ते."

"नक्की. मी आई आहे त्याची. तुम्ही नाही."

"मग या जागेवरून उठू का मी?"

"बसून राहा," पोपटसर म्हणाले. "निकाल वाचायचा आहे."

निकाल असा होता: "दगडूनाना दोषी असल्याचे मानण्यात येत आहे. त्यांना नदीपलीकडे पाठवण्यात यावे." पाणवठ्यावर पुन्हा असं होऊ नये म्हणून एक संरक्षण समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष म्हणून झुंजाररावांचं नाव सुचवलं गेलं. कुणी सुचवलं, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाना नदी उतरले. म्हाताऱ्या साळिंदराला पोहणं जड जातं. पाणी नाकापर्यंत आलं. त्यांच्यापुढं पारू आपणहून चालत होती, पाण्याचा जोर आपल्या अंगावर घेत. डोक्यावर भागाक्का ओरडत होती, "डावीकडे नाना, डावीकडे, तिथं खडक आहे." तिची अंडी त्याच सकाळी फोडली गेली होती. समितीकडून पाणवठ्याची साफसफाई झाली होती ना.

माळावर त्या तिघांचं कसं चाललं? वाईट चाललं. ऊन होतं, कुत्री होती. पण भागाक्का पहारा करायची. "दोन कुत्री आली. तांबडं पुढं आहे, काळं मागं," असं ती ओरडायची. नाना पाठ फिरवून काटे उभे करायचे आणि पारू त्यांच्यामागं उभी राहायची. तांबड्या कुत्र्याच्या नाकात दोन काटे घुसले. ते पुन्हा आलं नाही. नाना कितीतरी दिवस सांगत होते, "ते मात्र मी केलं हं. जागा होतो मी."

इकडे जंगलात सगळं छान होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाणवठ्यावर एकवीस प्राणी नाहीसे झाले. प्रत्येक वेळी दुःख व्यक्त करण्यात आलं. कर्त्याच्या दगडावर एकदा कासव बसलं, एकदा घुबड, एकदा तर दोन महिन्यांपूर्वी मेलेलं मुंगूस बसवण्यात आलं. ते स्वतःच्या बाजूनं काहीच बोललं नाही, हा त्याच्याविरुद्ध भक्कम पुरावा मानला गेला.

मग झुंजाररावाला एक प्रश्न पडला. शिकार मी करतो, समिती मी चालवतो, मग मऊ मांडी त्या बोळक्याला का?

एका सकाळी महाराज दरीच्या कडेला ऊन खात बसले होते. झुंजारराव मागून आला आणि त्यानं धक्का दिला. महाराज दरीत पडले. मागचे दोन्ही पाय गेले. पण वाघ तो वाघ, मेला नाही.

दुपारी काळ्या खडकावरून निवेदन वाचलं गेलं. "महाराज मृत्यू पावले असल्याचे समजले जात आहे. तीव्र दुःख व्यक्त करण्यात येत आहे. सर्वांच्या इच्छेनुसार झुंजारराव राज्य करणार असल्याचे कळते."

महाराज दरीतून सरपटत निघाले. त्यांना उंबरापर्यंत यायला तीन दिवस लागले. पाय ओढत, धापा टाकत ते गर्दीच्या मधोमध आले आणि ओरडले, "मी जिवंत आहे! झुंजाररावानं मला ढकललं!"

बाळांनो, असं वाक्य त्या जंगलात वर्षभरात कुणी ऐकलं नव्हतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. पोरंसोरं तर घाबरून आयांच्या मागं लपली.

पोपटसर खाली उतरले. चोचीत गुंज होती.

"पोपटसर," महाराज म्हणाले, "तुम्ही मला बघताय ना? मी समोर बसलोय."

"मी काय बघतो याला महत्त्व नाही महाराज," पोपटसर म्हणाले. वर खडकावरून झुंजारराव त्यांच्याकडेच पाहत होता. "आपण मृत असल्याचं समजलं जातं." आणि त्यांनी गुंज टाकली.

सशीण पुढं झाली. चांगल्या मनाची होती ना ती. तिनं महाराजांना नीट पाहिलं, वास घेतला आणि हळू आवाजात शेजारणीला सांगितलं, "जिवंत असल्यासारखं भासतंय खरं."

"कोणाला भासतंय?" रानडुकरिणीनं विचारलं.

सशीण चटकन मागं सरली.

महाराज सरपटत नदीवर गेले. तहान लागली होती. पाणी प्यायले आणि त्यांना दिसलं, पलीकडच्या काठावर एक चितळीण पाणी पितेय. त्यांनी तिला ओळखलं. तिनंही ओळखलं. नदी रुंद होती आणि वाघाचे पाय गेलेले होते, म्हणून ती पळाली नाही.

"पारू," वाघ म्हणाला.

तिनं मान वर केली.

"तुझं पाडस झुंजाररावानं मारलं. मला माहीत होतं." वाघ दमला होता. श्वास घेऊन पुढं म्हणाला, "मांडी मी खाल्ली."

पारूचे कान हलत होते, पाय मात्र स्थिर होते.

"त्याची मऊ लागली असेल ना," ती म्हणाली. "महिन्याचंच होतं."

"हो," वाघ म्हणाला. "मऊ होती."

पारूनं मान हलवली. मग ती वळली आणि माळावर गेली. नाना करवंदीखाली झोपले होते. तिनं त्यांना उठवलं नाही. भागाक्काला सगळं सांगितलं. भागाक्का एक शब्द बोलली नाही. टिटवी गप्प बसलेली त्या माळानं तेव्हाच पाहिली.

वाघ दोन दिवसांनी मेला. जंगलात त्याची नोंद झाली नाही, कारण ती आधीच झालेली होती. पोपटसर अजून आहेत. त्यांच्या वर्गाला आता उंबराची सावली पुरत नाही. झुंजारराव स्वतः कधीमधी शेवटच्या रांगेत येऊन बसतात. तेव्हा वर्गात फार शांतता असते आणि घरी जाताना एखादा विद्यार्थी कमी भरतो.

तात्पर्य: खोटं बोलणं हे पाप आहे. म्हणून खोटं स्वतः कधीही बोलू नये. ते बोललं जाऊ द्यावं.